कागद नको, पोकलेन द्या!

गेल्या वैशाखात घाटावरच्या एका गावात ग्रामसभेला बसलो होतो. मारुतीच्या पारावर सतरंजी, मधूनच खरखरणारा माईक, आणि पंचविशीतला एक पोरगा गावाच्या पाण्याचा ताळेबंद वाचून दाखवत होता. पाऊस इतका, पिकं पितात इतकं, मुरतं इतकं, वाहून जातं इतकं, आधीच्या बंधाऱ्यांत अडतं इतकं, शिल्लक इतकं. पोरगा निम्म्यावर आला असेल-नसेल, तोच तालुक्याहून आलेले एक भाऊ उठले. माईक त्यांनी घेतला नाही, त्यांना त्याची गरजच नव्हती. म्हणाले, "राजेहो, हा कागद काय पाण्यात कालवून प्याचा? कागद नको, पोकलेन द्या. डिझेलचं मी पाहतो." टाळ्या पडल्या. पोराने कागदाची घडी घातली. चहा आला तेव्हा ती घडी ट्रेखाली गेली होती.

ही टाळी गेली काही वर्षं मला बुलढाणा जिल्हाभर ऐकू येते. चिखलीच्या बाजारात, मेहकरच्या एसटी स्टँडवर, खामगावातल्या लग्नाच्या पंगतीत, आणि शिकल्यासवरलेल्यांच्या दिवाणखान्यातही. तिच्यामागचं मत असं: शेतकऱ्याला पाणी कोणी शिकवायची गरज नाही, तो पिढ्यान्पिढ्या पाण्यावरच जगत आलाय. हवामान तर आता इतकं लहरी झालंय की कुठलाही आराखडा पहिल्या वळवात वाहून जाणार. नकाशे, ॲप, ताळेबंद ही जागतिक बँकेच्या कर्जाची नाटकं. काम म्हणजे डोळ्यांना दिसतं ते: खोदलेला नाला, भरलेलं शेततळं, नारळ फुटलेला बंधारा. बाकी सगळे कागदी घोडे.

ऐकायला झकास आहे. शेतकऱ्याचा मान राखला जातो, सरकारला टोला बसतो आणि विचार करायचे कष्टही वाचतात. एका वाक्यात इतके फायदे क्वचितच मिळतात.

"शेतकऱ्याला सगळं कळतं" इथपासूनच सुरू करू. हे वाक्य सगळ्यांत गोड आहे, म्हणून सगळ्यांत घातक. शेतकऱ्याला त्याची विहीर कळते, यात वादच नाही. झरा कोणत्या अंगाला आहे, मोटर किती वेळ चालली की फेस टाकते, दिवाळीनंतर पाणी कितव्या कड्याला जातं, हे त्याला झोपेतून उठवून विचारा. पण शेजाऱ्याच्या बोअरनं रात्री किती ओढलं? गावच्या सगळ्या विहिरी आणि सगळे बोअर मिळून जमिनीखालच्या ज्या एका थराला तोंड लावून बसलेत, त्या थरात माघ महिन्यात किती उरलं? हे एकट्या शेतकऱ्याला कळायचं कसं? एका खात्यावर चारशे जणांची सही चालते आणि पासबुक कोणाकडेच नाही, अशी ही बँक. पासबुक भरून घेऊ म्हणणाऱ्याला आपण विचारतो, "आम्हाला पैसे मोजता येत नाहीत असं वाटलं का तुला?" मोजता येतात हो. प्रत्येकाला आपापल्या खिशातले येतात.

शिवाय बापजाद्यांचं ज्ञान बापजाद्यांच्या पावसाचं होतं. मृगात पेरा, आर्द्रात कोळपा, हस्ताच्या पावसावर हरभऱ्याचं बघू. त्या गणिताला एक शिस्त होती कारण पावसाला थोडीफार होती. २०२३ साल आठवा. जुलैत संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत असा पूर आला की शेतातली माती पिकासकट खरडून गेली. आणि लगेच मागून आलेला ऑगस्ट? १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सगळ्यांत कोरडा. ज्यांच्या सोयाबीनला पुरानं सोडलं त्यांच्या शेंगा उघडिपीनं पोचट केल्या. वर्षाची सरासरी काढली तर सगळं कसं नीट दिसतं. एक पाय चुलीत, एक पाय बर्फात, सरासरीने माणूस सुखी. या पावसाला आजोबांचं कोणतं नक्षत्र लावायचं?

इथे भाऊंचा दुसरा मुद्दा धावून येतो. पाऊस इतका बेभरवशाचा, मग नियोजन करून उपयोग काय? मला हे तर्कशास्त्र कधी समजलेलं नाही. पाहुणे किती येणार हे नक्की नसेल तर घरातली बाई कणीक मोजायची सोडून देते का? उलट तेव्हाच ती डब्यात डोकावते. अंदाज ही एक गोष्ट, नियोजन ही दुसरी. आणि अंदाज चुकतो म्हणूनच नियोजन लागतं. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेच्या पुढाकाराने देशातल्या जिल्ह्याजिल्ह्यांचे आपत्कालीन पीक आराखडे कधीच तयार झालेत. पाऊस येईल असं त्यांत कुठेही म्हटलेलं नाही. तो दोन आठवडे लांबला तर काय पेरायचं, चार लांबला तर काय, सहा, आठ. मधेच उघडीप पडली तर कोणत्या जमिनीत काय करायचं, हे लिहिलंय. म्हणजे ज्या लहरीपणाचं कारण देऊन आपण कागद फेकतो, त्याच लहरीपणासाठी तो कागद लिहिलेला आहे. छत्री घरी ठेवायची आणि कारण काय, तर पावसाचा नेम नाही!

आता तो जागतिक बँकेचा मुद्दा. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे आपला पोकरा, २०१८ साली जागतिक बँकेच्या कर्जावर सुरू झाला, हे खरं. १५ जिल्हे, ५१४२ गावं, त्यांत बुलढाणा. गावपातळीवरचा पाण्याचा ताळेबंद कसा मांडायचा, याची रीत मुंबईच्या आयआयटीने बसवून दिली, हेही खरं. आता दुसरा टप्पा आला, त्यात २१ जिल्हे. पण पाण्याचा हिशेब ही काय वॉशिंग्टनहून बोटीने आलेली वस्तू आहे? बहात्तरच्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं पाणी, ऊस बंद, आणि ज्याला जमीन नाही त्याचाही पाण्यावर हक्क. हे नियोजन नव्हे तर काय होतं? हिवरे बाजार गाव दरसाल पावसाच्या नोंदीवरून पाण्याचं अंदाजपत्रक मांडतं आणि ग्रामसभेत ठरवतं की यंदा रब्बीला काय घ्यायचं आणि काय नाही. शेतीसाठी बोअर पाडायला तिथे बंदी. पोपटराव पवारांच्या या गावाला सहली काढून आपण जातो, ओढ्याकाठी फोटो काढतो, झुणका-भाकर खातो आणि परत येऊन म्हणतो, कागद नको, पोकलेन द्या. त्या गावात पाहण्यासारखी गोष्ट ओढा नव्हे. ती एका भिंतीवर लिहिलेली असते, तिच्यासमोर कोणी फोटो काढत नाही.

अर्थात माझा खरा राग पोकलेनच्या धर्मावर आहे. आणि तो बुलढाण्यात फोफावावा, याचं मला जास्त वाईट वाटतं. कारण हा जिल्हाच मुळी एक जिल्हा नाही. आपल्याकडे माणसाला पहिला प्रश्न विचारतात तो, "घाटावरचे की घाटाखालचे?" बोली वेगळी, भाकर वेगळी, सोयरिकी वेगळ्या. आणि पायाखालचा दगड तर पार वेगळा.

घाटावर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा. इथे काळ्या पाषाणाचे थर एकावर एक. वर थोडी माती, तिच्याखाली काही मीटर मुरूम, मग घट्ट खडक. आपलं पाणी बहुतेक त्या मुरमात राहतं. नाला मुरमापर्यंत खोल केला, गाळ काढला, ठीक. पाणी थांबेल, रेंगाळेल, मुरेल. पण मशीनचा दात एकदा मुरूम फोडून खाली गेला की दोन गोष्टी होतात. पाणी खडकावर उभं राहतं आणि उन्हात उडून जातं, ही पहिली. दुसरी जास्त वाईट. दोन्ही काठांच्या मुरमात मुरलेलं पाणी त्या चरात झिरपून येतं. नाला भरलेला दिसतो, गाव खूश होतं, आणि काठावरच्या विहिरी पौषातच तळाला जातात. आपण शेजारच्या विहिरीचं पाणी नाल्यात आणून त्याचंच जलपूजन करतो.

घाटाखाली उतरा. नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. पूर्णेचा गाळ, खोलच खोल काळी चिकण माती, आणि तिच्यात खारपाणपट्टा. इथे जमिनीतलं पाणी इतकं खारट की पिकाला दिलं तर जमीनच मीठ धरते. किडनीच्या आजारांची जी गावं आपण वर्तमानपत्रात वाचतो, ती याच पट्ट्यातली. इथे जितकं खोल जाल तितकं बहुधा खारटच लागणार. पण तीच चिकण माती पाणी धरून ठेवते, प्लास्टिक न अंथरताही. म्हणजे इथे पाणी मुरवायच्या मागे लागण्यापेक्षा पावसाचं गोड पाणी वरच्यावर शेततळ्यात झेलायचं आणि उघडिपीच्या दिवसांत एखाद-दुसरं संरक्षित पाणी द्यायचं. वर जे काम योग्य ते खाली व्यर्थ, खाली जे योग्य ते वर गळकं. हे पोकलेनच्या ड्रायव्हरने कसं ओळखायचं? त्याला तासाचा भाव ठरवून दिलाय, पाण्याचा नाही.

शिरपूर पॅटर्नचं नाव घेतलं जाईल, म्हणून आधीच सांगतो. शिरपुरात जे घडलं ते तिथल्या जमिनीत. तापीच्या गाळाचा न झिरपणारा थर फोडून खालच्या वाळू-गोट्यांपर्यंत पोचायचं, असं ते गणित होतं. ते करणारे सुरेश खानापूरकर स्वतः भूवैज्ञानिक. आपण काय उचललं? खोली. विचार तिथेच ठेवून नुसती खोली उचलली. 'बुलढाणा पॅटर्न'चंही तेच. महामार्गाला माती-मुरूम हवा होता, तो तलाव-नाल्यांतून द्यायचा आणि बदल्यात साठवण वाढवायची. गाळानं भरलेल्या तलावापुरती कल्पना उत्तम, सरकारचा पैसा वाचला, नीती आयोगानेही कौतुक केलं. पण रस्त्याला किती मुरूम लागतो यावरून नाला किती खोल जायचा ते ठरायला लागलं, तर तो रस्त्याचा आराखडा झाला, पाण्याचा नव्हे.

आणि दिसणाऱ्या कामाचा निकालही आता दिसलेला आहे. जलयुक्त शिवार योजनेवर साडेनऊ हजार कोटींहून जास्त खर्च झाला. अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा या अशास्त्रीय खोदकामाविरुद्ध उच्च न्यायालयात गेले होते. मग २०२० साली कॅगचा अहवाल आला, भूजलपातळी वाढवण्यात योजनेचा परिणाम फारसा दिसत नाही म्हणून. त्यावर आपण काय केलं? काही वर्षांनी 'जलयुक्त शिवार २.०' आणलं. मोबाईलच्या ॲपला आवृत्तीचा आकडा लागतो तो आधीची चूक दुरुस्त केली म्हणून.

आता एक साधं गणित करू, पारावर बसून करता येईल असं. एक मिलिमीटर पाऊस एक हेक्टरावर पडला की दहा हजार लिटर. हजार हेक्टरांचं शिवार, सातशे मिलिमीटर पाऊस: सातशे कोटी लिटर! आकडा ऐकून भाऊ उठून उभे राहतील, "बघा, एवढं पाणी वाहून जातं!" बसा भाऊ, वाहून नाही जात. त्यातलं निम्म्याच्या आसपास किंवा जास्तच पिकं, गवत, झाडं आणि ऊन पिऊन टाकतात. काही मातीत ओल म्हणून राहतं, हरभरा त्यावरच येतो. काही मुरतं. उरतं ते नाल्याला लागतं, आणि त्यातलं काही आधीच्या माती-नाला बांधांत, सिमेंट बंधाऱ्यांत थांबलेलं असतं. ते वजा करा. आता जो आकडा हातात येतो तो एवढासा. काही गावांत तर शून्याजवळ. त्यानंतर बांधलेला प्रत्येक बंधारा नवं पाणी अडवत नाही. तो खालच्या गावाचं पाणी वरच्या गावात आणतो. ताळेबंदाची सगळी ताकद या एका जागी आहे: तो "आता पुरे" म्हणू शकतो. पोकलेनला हा शब्दच येत नाही. आणि मला दाट संशय आहे की कागदावरचा राग या एका शब्दासाठी आहे, बाकी सगळी सजावट.

शेततळ्याचंही बघा. ३० बाय ३० बाय ३ मीटरचं तळं साधारण बावीस लाख लिटरचं. हेक्टराला ५० मिलिमीटरची एक पाळी म्हणजे पाच लाख लिटर. चार पाळ्या, संपलं. पावसाच्या पाण्याने भरलं तर हे तळं सोयाबीनला ऑगस्टात जीवदान देईल. पण प्लास्टिक अंथरून विहिरीच्या पाण्याने भरलं, तर? जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी वीज जाळून वर आणायचं आणि उन्हात वाळत घालायचं. योजनेचं नाव आठवतं ना? २०१६ ची 'मागेल त्याला शेततळे'. जिथे जिरेल तिथे नव्हे, जिथे भरेल तिथेही नव्हे. मागेल त्याला! देवळाबाहेरही दान इतक्या सढळपणे होत नाही.

एक गोष्ट मान्य करतो, कारण करावीच लागते. आराखडे बनावट निघतात. मी स्वतः एक पाहिलाय, त्यात पान अकरावर दुसऱ्याच तालुक्यातल्या गावाचं नाव तसंच राहिलं होतं. शिवारफेरी न करता तिचे फोटो असतात. विहिरींची पातळी टेप न सोडता भरलेली असते. मग? सोयाबीनचं बियाणं बोगस निघालं म्हणून या जिल्ह्याने पेरणी सोडली का? बियाणं उगवलं नाही की आपण कृषी कार्यालयावर मोर्चा नेतो. बोगस ताळेबंदावर मोर्चा गेलेला कोणी पाहिलाय? नाही, कारण तो खरा आहे की खोटा हे विचारायची कोणाला गरजच वाटली नाही. आणि ठिबक, पाइप, मोटरच्या अर्जासाठी ज्या गावात रांग लागते, त्याच गावात ताळेबंदाच्या सभेला कोरम भरत नाही. दोष हिशेबाचा की हिशेब न मागणाऱ्याचा?

काही जण यातून सुटायला वैनगंगेचा आधार घेतात. वैनगंगा-नळगंगा जोडप्रकल्प होणार, सव्वाचारशे किलोमीटरवरून पाणी मोताळ्याच्या नळगंगेत पडणार, मग कशाला गावोगाव मापं काढत बसायचं? येऊ द्या ते पाणी, मी स्वतः हार घालायला जाईन. तोवर प्यायचं काय, एवढाच प्रश्न आहे. आणि ज्या गावाला स्वतःच्या पावसाचा हिशेब ठेवता आला नाही, ते वैनगंगेच्या पाण्याचा ठेवणार आहे?

सगळ्यात मोठी गंमत तर पुढेच आहे. कागदी नियोजनाला हसणारा हाच जिल्हा दरवर्षी अक्षय तृतीयेला श्वास रोखून नियोजनाचीच वाट पाहतो. जळगाव जामोद तालुक्यातलं भेंडवळ. गावाबाहेरच्या शेतात संध्याकाळी घट मांडतात. गोल रिंगणात अठरा धान्यं, मध्ये खड्डा, त्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, वर पाण्याची घागर, पापड, कुरडई, भजी, सांडोई, करंजी, पानसुपारी. रात्रभर तिकडे कोणी फिरकत नाही. पहाटे वाघ घराण्यातले जाणते पाहणी करतात आणि भाकीत सांगतात. दाणा मुंगीने हलवला की नियतीने, या वादात मला पडायचं नाही. माझा त्या भाकितावर काडीचा विश्वास नाही, अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी यावर पुरेसं लिहिलंय. पण प्रश्न बघा हो त्या मांडणीचे! जूनला किती, जुलैला किती, ऑगस्टला, सप्टेंबरला, वेगवेगळं. कपाशीचं काय, तुरीचं काय, ज्वारीचं काय, वेगवेगळं. तेही पेरणीच्या आधी. उघड्या शेतात, सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात. उत्तरं कशीही असोत, प्रश्न अव्वल आहेत. आयआयटीच्या ताळेबंदातही हेच प्रश्न आहेत, फक्त ढेकळाच्या जागी पर्जन्यमापक आहे. मग घागरीपुढे हात जोडणारा माणूस पर्जन्यमापकापुढे का चिडतो?

माझं उत्तर असं की घट कोणाला दोष देत नाही. पाऊस कमी झाला तर देवाची इच्छा. ताळेबंद मात्र बोट दाखवतो: पाऊस बरा होता, तुम्ही पंचवीस बोअर जास्त पाडले. हे ऐकायला धैर्य लागतं. पोकलेनचा आवाज मोठा असतो, त्यात ते ऐकू येत नाही, हीच सोय.

म्हणून मी उलटं म्हणतो. कागद आधी, पोकलेन मागून, आणि कागद "पुरे" म्हणाला की पोकलेन माघारी. ताळेबंद पीडीएफमध्ये नको, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ऑइल पेंटने हवा, लाभार्थ्यांच्या यादीतल्या नावांइतक्या मोठ्या अक्षरांत. तो घटमांडणीसारखाच पहाटे गावासमोर वाचला जावा. दिवाळीनंतर विहिरींत टेप सोडून पुन्हा मोजावं, आणि जो आकडा येईल त्यावर हरभरा की गहू ते ठरावं. ज्याला हे कागदी घोडे वाटतात, त्याने खोदलेल्या नाल्याच्या काठी एप्रिलमध्ये येऊन दाखवावं की त्याच्या लोखंडी घोड्याने किती लिटर पाणी दिलं. आकड्यात. टाळ्यांत नको.

त्या ग्रामसभेनंतर परतताना नाल्यावर थांबलो. नव्या कामाचा फलक ताजा रंगवला होता. योजनेचं नाव, कामाचं नाव, अंदाजपत्रकीय रक्कम, लांबी, रुंदी, खोली, कंत्राटदार, सुरू केल्याची तारीख, पूर्ण केल्याची तारीख. ताळेबंद वाचणारा पोरगा सोबत होता. त्याला विचारलं, "यात पाणी किती अडणार ते कुठंय?"

त्याने फलक पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. म्हणाला, "सर, नमुन्यात तो रकानाच नाही."